चोपता-तुंगनाथला कधी जावं? (कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी)

कॅमेरेकर

"चोपत्याला कधी जाऊ?" हा प्रश्न व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) इतक्यांदा येतो की म्हटलं एकदाचा धागाच काढावा, पुढच्या वेळी नुसती लिंक चिकटवता येईल. बर्फ हवा तर जानेवारी, फुलं हवीत तर एप्रिल हे कुठलाही टूरवाला सांगतो आणि ते काही खोटं नाहीये. पण फोटोसाठी जाणाऱ्याचं गणित जरा वेगळं. सूर्य वर्षभर उगवायची जागा बदलत राहतो, आणि तिथल्या शिखरांच्या बाबतीत त्याने एवढा फरक पडतो की डिसेंबरात पहाटे जी फ्रेम झळाळून उठते तीच जूनमध्ये त्याच वेळी निव्वळ काळी आकृती असते. म्हणून मी आपला फिरून फिरून तिथंच. बायको म्हणते लडाख राहिलं, सिक्कीम राहिलं, तू बस तुझ्या त्या चौखंबा शिखराला धरून.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी: चोपता म्हणजे उत्तराखंडात रुद्रप्रयाग जिल्ह्यात, ऊखीमठ-गोपेश्वर रस्त्यावर, साधारण २,७०० मीटरवर. गाव असं नाहीच, रस्त्याच्या कडेने ढाबे आणि राहायच्या खोल्या. तिथून साडेतीन-चार किलोमीटरची दगडी फरसबंद वाट तुंगनाथला जाते. पंचकेदारातला (गढवालातली शंकराची पाच देवळं) हा तिसरा केदार, आणि पाचांत सगळ्यात उंचावरचा, ३,६०० मीटरच्याही वर. देवळामागून अजून दीडेक किलोमीटर चढलात की चंद्रशिला, जवळजवळ ४,००० मीटर. आणि अलीकडे ऊखीमठाच्या बाजूला सारी गावाच्या डोक्यावर देवरिया ताल.

आता मुद्द्यावर येतो. देवरिया तालावर उभं राहिलं की चौखंबा (७,१३८ मीटर) उत्तरेपासून जरासा पूर्वेकडे कललेला दिसतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो, म्हणजे बरोब्बर तुमच्या उजव्या हाताला, त्यामुळे ऊन शिखरांवर आडवं पडतं आणि एकेक धार, एकेक घळ सुटी दिसायला लागते. आधी फक्त टोक गुलाबी होतं, खाली सगळं निळं-करडं, मग तो रंग चार खांबांवरून हळूहळू खाली सरकतो, आणि तो तलावाच्या पाण्यापर्यंत पोचायच्या आत वारा सुटतो. हे मी मुद्दाम सांगतोय कारण लोक टोक उजळलं की धडाधड पन्नास फोटो मारतात आणि नंतर मोबाईल काढून सेल्फी घेतात, खरा खेळ त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं असतो. पाणी निवांत असेल तर काठाच्या गवतावरचं दहिवर सुद्धा प्रतिबिंबात मोजता येतं. एकदा का पाण्यावर पहिली सुरकुती आली की प्रतिबिंब संपलं, खुशाल चहा प्यायला जा. कडक थंडीत मात्र तलावाच्या कडा गोठतात, क्वचित जास्तच, मग प्रतिबिंब अर्धंच मिळतं, तेही वाईट दिसत नाही.

जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, म्हणजे जवळपास समोरून. सकाळी चौखंब्याची तुमच्याकडची बाजू सावलीत. तेव्हा संध्याकाळ बरी, ऊन डावीकडून येतं, पण उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात आणि शिखर दिसेल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

चंद्रशिलेवर तर हा खेळ आणखी मजेदार आहे. तिथून पूर्वेला नंदादेवी (७,८१६ मीटर), तिच्या उजवीकडे त्रिशूळ, डावीकडे द्रोणागिरी, अजून डावीकडे हाथी पर्वत अशी रांग लागते. नकाशावर रेघा मारून बघा: जूनमध्ये सूर्य हाथी पर्वताच्या बाजूने वर येतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाला द्रोणागिरीच्या आसपास, ऑक्टोबरच्या मध्याला आणि फेब्रुवारीच्या शेवटी नंदादेवीच्या आसपास, आणि डिसेंबरात त्रिशूळालाही ओलांडून उजवीकडे जातो. म्हणजे नंदादेवीच्या खांद्यावरून निघणारा सूर्य हवा असेल तर वर्षातून दोनच छोट्या खिडक्या. त्यातली फेब्रुवारीतली बर्फात कंबरभर अडकलेली असू शकते, तेव्हा व्यवहारात एकच.

बर्फाबद्दल. जानेवारी-फेब्रुवारीत चोपत्यापर्यंत गाडी जाईलच असं नाही, रस्ता बऱ्याचदा बनियाकुंड किंवा दुगलबिट्ट्याला बंद होतो आणि पुढे पायी. बुटांना लावायचे खिळे भाड्याने मिळतात, घ्या, लाजू नका. देऊळ बंद असतं, देव खाली मक्कूमठला असतात. कॅमेऱ्याचा मीटर बर्फाला राखाडी समजतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर न्यावं लागतं (म्हणजे फोटो मुद्दाम उजळ घ्यावा लागतो), नाहीतर घरी आल्यावर सगळा हिमालय सिमेंटचा दिसतो. बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायच्या. आणि बाहेरून गरम खोलीत येताना कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, तासभर उघडायचा नाही, मग जे काही दव धरायचं ते पिशवीवर धरतं. पोलरायझर फिल्टर त्या उंचीवर जपून, आकाश आधीच गडद असतं, पूर्ण फिरवलात तर दुपारी बारा वाजता शाईची बाटली सांडल्यागत दिसतं.

वसंत आणि पावसाळ्यावर प्रतिसादांत लिहितो, हात दुखले.


मृण्मयी_पुणे

मस्त लिहिलंय! वाचनखूण साठवली. सूर्य कुठल्या शिखरामागून येतो हे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं, आपण आपलं सूर्योदय म्हणजे सूर्योदय धरून चालतो.

पण माझी अडचण वेगळी आहे. ऑफिस आणि मुलाची शाळा धरून यंदा फक्त १५ ऑगस्टच्या आसपास सुट्टी जमतेय. सगळे म्हणतायत वेड लागलंय का. तुम्ही काय म्हणाल? पाऊस आपल्याला नवा नाही, ताम्हिणी-लोणावळ्यात वाढलोय.


कॅमेरेकर

@मृण्मयी, पावसातलं चोपता मला व्यक्तिशः फार आवडतं पण ते सगळ्यांना पटत नाही. शिखरं दिसणार नाहीत असं धरूनच जायचं. दिसली तर बोनस. जुलै-ऑगस्टमध्ये तुंगनाथच्या आजूबाजूचं बुग्याल (वरचं गवताळ कुरण) कमालीचं हिरवं होतं आणि त्यात बारकी रानफुलं, पिवळी, जांभळी, पांढरी, गुडघे टेकून बसल्याशिवाय दिसतच नाहीत अशी. वाइड लेन्स घरी ठेवा, मॅक्रो न्या. दुसरा विषय म्हणजे जंगल. खालच्या बाजूला बांज आणि खर्सूची (दोन्ही ओकच) झाडं, अंगभर शेवाळ आणि नेचे, त्यात धुकं शिरलं की मागचं सगळं आपोआप पुसलं जातं, जंगलात फोटो काढताना जो गिचमिडाटाचा त्रास असतो तो धुक्यात उरतच नाही. माझ्या भिंतीवर जो एकमेव फोटो फ्रेम करून लावलाय तो असल्याच एका चिंब सकाळचा आहे, त्यात चौखंबाही नाही नि तुंगनाथही नाही.

जळवा असतात. देवरियाच्या वाटेवर आणि मंडलच्या जंगलात भरपूर. मीठ, तंबाखूचं पाणी, लांब मोजे.

रस्त्याचं डेहराडूनकर सांगतील, ते तिकडचेच.


डेहराडूनकर

बोलावलंच आहे तर येतो :) नोकरीनिमित्त इकडे येऊन इतकी वर्षं झाली की आता मराठीत "हो ना जी" म्हणायला लागलोय.

ताई, ताम्हिणीचा पाऊस आणि इकडचा पाऊस यात फरक आहे. सह्याद्रीचा दगड बेसाल्ट, कडक. हिमालय अजून घडतोय, उतार कच्चे, त्यात रस्ते रुंद करायला कापलेले डोंगर. दरड कोसळली की रस्ता दोन तास बंद राहील की दोन दिवस हे कुणी सांगू शकत नाही. मंदाकिनीचं खोरं म्हणजे २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथचा महापूर आला तेच खोरं, हे लक्षात असू द्या. नको म्हणत नाही. पण पुढे-मागे दोन-दोन दिवस मोकळे ठेवा, परतीचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं काढू नका, अंधार पडल्यावर डोंगरात गाडी चालवू नका आणि मुलगा लहान असेल तर ऑगस्ट टाळा, सप्टेंबरचा शेवट बघा. तेव्हा पाऊस सरत आलेला असतो, हिरवं अजून असतं आणि हवा धुतलेली.

एक गंमत देवप्रयागला जरूर बघा, तसाही रस्ता तिथूनच जातो. अलकनंदा आणि भागीरथी एकमेकींना मिळतात तिथं वर्षातले बरेच महिने दोन्हींचा रंग वेगवेगळा असतो आणि मधे चक्क रेघ दिसते. तीही ऋतूप्रमाणे बदलते. हिवाळ्यात दोघी हिरव्या-निळ्या, पावसात दोघी मातकट.


पक्षीवेडा_नाशिक

कॅमेरेकर साहेब, लेख झकास पण मुख्य पात्रच विसरलात, मोनाल पक्षी!

माझं मत स्पष्ट आहे. चोपता म्हणजे एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा मध्य. बाकी महिने निसर्गचित्रवाल्यांना लखलाभ. तेव्हा तुंगनाथच्या वाटेवर पहाटे साडेपाचला चढायला लागायचं, भाविक आणि खेचरं सुरू व्हायच्या आत. नर मोनाल उघड्या कुरणावर येऊन दगडावर उभं राहून शिट्टी घातल्यागत ओरडतो, लांबूनच कळतं. मग खाली उतरून चोचीने जमीन उकरतो, कंद-मुळं आणि किडे शोधत. चोच वाकडी आणि भक्कम, एकेका जागी खड्डा होईस्तोवर खणत बसतो, माती उडत असते, आणि त्या नादात तुम्ही सावकाश बसत-सरकत गेलात तर पंधरा-वीस मीटरपर्यंत जाऊ देतो. उभे राहिलात की दरीत झेप, खेळ खलास.

रंगाचं एक सांगतो कारण नवीन लोक हमखास निराश होतात. मोनालची ती हिरवी-निळी-तांबूस झळाळी बहुतेक पिसांच्या बारीक रचनेतून येते, उजेड कुठल्या कोनातून पडतो त्यावर सगळं. ऊन तुमच्या पाठीमागून हवं. ढगाळ हवेत किंवा ऊन समोरून असलं तर तोच पक्षी काळपट कोंबडा दिसतो. म्हणून एकाच सकाळी एकाच पक्ष्याचे दोन फोटो दोन जातींचे वाटतात.

बाकी मोनालचे भाऊबंद: कोकलास ऐकू येतो, दिसतो कमी. कलिज खालच्या जंगलात रस्त्यावर सुद्धा. वर चंद्रशिलेच्या बाजूला स्नो पार्ट्रिज नशीब असेल तर. देवळाजवळच्या दगडांत पिका (शेपूट नसलेला उंदरागत प्राणी, पण नात्याने सशाकडचा) बिनधास्त फिरतात. दाढीवालं गिधाड डोक्यावरून जातं. आणि मंडल, मक्कूमठ, काकडागाड हे खालचे पट्टे धरलेत तर एका दौऱ्यात यादी भरभरून होते.


खवचट

फोटो टाका हो. नुसतं वर्णन वाचून पोट भरत नाही.

आणि एक बाळबोध शंका, तोच डोंगर, तेच देऊळ, तीच वाट. एकदा चांगला फोटो मिळाला की विषय संपला ना? की हार्ड डिस्क कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवलेत?


कॅमेरेकर

@खवचट, शेअर घेतले असते तर बरं झालं असतं.

खरं सांगू का, नव्या जागी गेलं की पहिले दोन दिवस आपण इतरांनी काढलेलेच फोटो पुन्हा काढत असतो. देवरियाचं प्रतिबिंब, तुंगनाथचं देऊळ खालून, चंद्रशिलेच्या दगडावर दोन्ही हात पसरलेला माणूस. ते एकदा काढून पोट भरलं की मग आजूबाजूचं दिसायला लागतं. पहिल्या खेपेला मला तुंगनाथच्या वाटेची फरशीच दिसली नव्हती, पायाखाली होती तरी. आता तिच्यावर खेचरांच्या नालांनी पडलेले गुळगुळीत डाग, त्यात साचलेलं पावसाचं पाणी आणि त्यात उलटं दिसणारं आकाश, एवढ्यावर मी सकाळ घालवू शकतो. शिवाय जागा पाठ असली की ढग कुठून चढणार, अमुक झाडावर ऊन किती वाजता येणार हे अंदाजाने कळतं, आणि मग धावपळ होत नाही.

@पक्षीवेडा, मोनाल विसरलो नव्हतो, वसंत पुढच्या प्रतिसादात घेणार होतो. तुमच्या तारखांना अर्धी सहमती. कारण बुरांश. तिथं बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडाचा राज्यवृक्ष, आणि तो एकाच वेळी सगळीकडे फुलत नाही, खालून वर चढत जातो. मार्चमध्ये ऊखीमठाच्या आसपासचे उतार लाल, एप्रिलमध्ये दुगलबिट्टा-चोपता. आणि उंची वाढेल तसा लाल फिका होत गुलाबीकडे जातो. झाडांची रेषा संपत आली की दुसरीच जात लागते, झुडपासारखी, पांढरट-जांभळी फुलं, ती मेमध्ये. म्हणजे एप्रिलच्या शेवटी एका दिवसात गाडीने आणि पायी वर चढत गेलात तर लाल, गुलाबी आणि नशिबाने जांभळ्याची सुरुवात असे तीन रंग एकाच दिवशी. मागे चौखंब्यावर अजून हिवाळ्याचं पांढरं. हे असं पुढे फूल मागे हिमशिखर सगळ्यांना हवं असतं, पण लाल बुरांश कॅमेऱ्यात हमखास जळतो, लाल चॅनलचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा बघा आणि एक्स्पोजर थोडं कमी ठेवा.

मेमध्ये मात्र शाळांच्या सुट्ट्या, चारधामची गर्दी, रस्त्यावर गाड्यांची रांग. शनिवार-रविवारी दिल्लीहून येणाऱ्यांचा लोंढा. तिथं माझा पास. सोमवार ते गुरुवार जमवा नाहीतर नको.


पक्षीवेडा_नाशिक

गर्दीचं मान्य. पण पहाटे साडेपाचला गर्दी झोपलेली असते :)


ट्रायपॉड

रात्रीच्या फोटोबद्दल कुणी बोललंच नाही. इन्स्टावर चौखंब्याच्या बरोब्बर डोक्यावर उभी आकाशगंगा, तो जाड उजळ भाग, असे फोटो बघतोय. कुठल्या महिन्यात जाऊ? १४ एमएम एफ २.८ लेन्स आहे.


कॅमेरेकर

@ट्रायपॉड, कुठल्याच महिन्यात नको :) तो जाड उजळ भाग म्हणजे आकाशगंगेचा मध्य, धनु राशीच्या दिशेला. तो आपल्याकडून नेहमी दक्षिणेच्या बाजूला दिसतो. देवरिया किंवा चोपत्यावरून चौखंबा उत्तरेकडे. तुम्ही तोंड एकीकडे करणार आणि तो पाठीमागे असणार. दोन्ही एका फोटोत दिसले तर समजा की कुणीतरी रात्री जागून कॉम्प्युटरवर काम केलंय. उन्हाळ्यात आकाशगंगेचा दुसरा, फिकट पट्टा ईशान्येकडून वर जातो, तो शिखरांवर मिळू शकतो, पण त्यात तो गाभा नसतो.

मध्यभाग हवा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आग्नेयेला, किंवा ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या नैर्ऋत्येला, थोडाच वेळ. पुढे चौखंब्याऐवजी बुरांशाचं झाड, ढाब्याचं छप्पर, असं काहीतरी घ्या.

उत्तरेकडे बघायचंच असेल तर ताऱ्यांच्या रेषा काढा. ध्रुव तिथून साधारण ३० अंश उंचीवर. देवरियावरून केदारनाथ शिखर (६,९४० मीटर) जवळजवळ ध्रुवाच्या खालीच येतं, थोडं डावीकडे, आणि चौखंबा उजवीकडे. तास-दीड तास शटर चालू ठेवलं की वर्तुळं ध्रुवाभोवती फिरतात आणि शिखरं खाली शांत बसलेली. नोव्हेंबर-डिसेंबर, अमावास्येच्या आगेमागे. किंवा चांगला चार-पाच दिवसांचा चंद्र घ्या, मावळेपर्यंत तो पश्चिमेकडून शिखरांवर उजेड टाकतो आणि मग आकाश काळं मिळतं. लेन्सला हॅंडवॉर्मर रबरबँडने बांधा, नाहीतर दव बसून अर्ध्या तासात सगळं धूसर.


ट्रायपॉड

च्यायला. दोन वर्षं त्या फोटोच्या मागे लागलोय. धन्यवाद, पैसे वाचले.


निवांत

देवरियाला तंबूत राहायचं होतं म्हणून एका एजंटकडे पैसे भरले, "लेक व्ह्यू कॅम्प" म्हणून. तिथं पोचल्यावर कळलं की तलावाकाठी तंबूच लावू देत नाहीत आणि आमचा कॅम्प तलावापासून बराच खाली, तिथून ना तलाव दिसतो ना शिखर. पहाटे चार वाजता टॉर्च लावून वर चढलो तेव्हा कुठं सूर्योदय मिळाला. एजंटचं उत्तर, "सर, कॅम्प तो लेक का ही है, व्ह्यू ऊपर है."


डेहराडूनकर

हा हा, हे उत्तर लिहून ठेवण्यासारखं आहे.

२०१८ मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, तेव्हापासून वरचे तंबू गेले. आणि बरंच झालं. ते गवत वर्षातले काही महिनेच वाढतं, एकदा तंबूखाली करपलं की परत यायला खूप काळ लागतो. सारी गावात घरगुती राहायची सोय आहे, तिथून तलाव अडीच-तीन किलोमीटर चढ. मंडुव्याची (म्हणजे नाचणीची) भाकरी, गहत म्हणजे आपल्या कुळथाची डाळ आणि झंगोऱ्याची खीर मागून घ्या, आपण कोकणातली माणसं असलो तर घरच्यासारखं जेवण होतं.

चोपत्याला विजेचा भरवसा नाही, बरेचजण सोलरवर चालवतात. सगळं चार्जिंग खाली करून जा, पॉवरबँक दोन न्या. नेटवर्क येतं जातं. रोख पैसे ऊखीमठला काढा. आणि ड्रोन नको. आजूबाजूचा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, कस्तुरीमृगासाठी १९७२ साली केलेलं. लोक उडवतात, दंड भरतात, मग ग्रुपवर येऊन भांडतात.


अण्णा_सातारकर

नमस्कार मंडळी. वय ६८, सौ. ६३. फोटोबिटो मोबाईलवरच. तुंगनाथाचं दर्शन घ्यायचं मनात आहे, जमेल का? गुडघे बरे आहेत, सज्जनगड अजून चढतो.


डेहराडूनकर

अण्णा, सज्जनगड चढता म्हणजे पायांचा प्रश्न नाही, प्रश्न हवेचा. हरिद्वारहून एका दिवसात थेट चोपत्याला येऊ नका, तसंही आठ-नऊ तास गाडीत बसून काकूंची कंबर धरेल. पहिली रात्र ऊखीमठला काढा. तिथं ओंकारेश्वराचं देऊळ आहे, केदारनाथाची आणि मदमहेश्वराची हिवाळ्यातली गादी, तेही दर्शन होईल. दुसऱ्या दिवशी चोपता, दुपारी नुसतं इकडेतिकडे फिरा, तिसऱ्या दिवशी सकाळी चढा. वाट रुंद आणि बांधलेली आहे, मधे मधे चहाची छपरं आहेत, खेचरं मिळतात. तुम्ही तीन-चार तास घ्या, कोण विचारतंय. डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली तर तिथून मागे फिरायचं, देव खालूनही नमस्कार घेतो. बी.पी.ची गोळी चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

महिना मे अखेर नाहीतर ऑक्टोबरची सुरुवात. देऊळ साधारण एप्रिल-मेपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडं असतं.

आणि देऊळ बघाल तेव्हा जरा नीट बघा. २०२३ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या पाहणीच्या बातम्या आल्या होत्या, मुख्य देऊळ पाच ते सहा अंश कललंय आणि आवारातली छोटी देवळं त्याहून जास्त, दहा अंशांपर्यंत.


कॅमेरेकर

त्या कलण्यावरून आठवलं. सॉफ्टवेअरमध्ये देवळाच्या उभ्या रेषा सरळ करायचं ऑटो बटण दाबलं की तुंगनाथ सरळ होतो आणि मागचा डोंगर, क्षितिज, माणसं सगळी तिरकी! माझा सल्ला, रेषा देवळावरून नका घेऊ. माणसं सरळ उभी दिसली पाहिजेत, देऊळ कललेलं असेल तर कललेलं राहू दे, तेच खरं आहे.

अण्णा, जरूर जा. मोबाईलवर सुद्धा सकाळी दहाच्या आत सुंदर येतं, नंतर ऊन डोक्यावर येतं आणि बहुतेक वेळा ढगही.


मृण्मयी_पुणे

बरं, सगळ्यांचं वाचून ऑगस्ट रद्द. सासूबाई दिवाळीत मुलाला सांभाळणार आहेत, तेव्हा दिवाळीनंतरचा आठवडा मिळू शकतो. एकच खेप करायची झाली तर तो काळ कसा? आणि तेव्हा नेमकं काय काढायचं?


कॅमेरेकर

@मृण्मयी, एकच खेप असेल तर मी तोच काळ निवडेन, ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. पक्षीवेडा भांडतील, भांडू दे.

हवा सगळ्यात स्वच्छ तेव्हा. दुपारी दोनला सुद्धा शिखरं दिसत राहतात, जे मेमध्ये सकाळी नऊनंतर विसरायचं. बुग्यालचं गवत हिरवं जाऊन तांबूस-पिवळं होतं, संध्याकाळी तिरप्या उन्हात एकेक पातं मागून पेटतं, त्यासाठी सूर्याकडे तोंड करून खाली बसा आणि लेन्सवर हाताने सावली धरा. निळी शिखरं आणि गंजासारखं गवत, दोनच रंग, फ्रेम आपोआप साधी होते. रोहिणी बुग्यालच्या बाजूला गेलात तर माणसंही कमी. चोपता रिकामं व्हायला लागलेलं असतं, खोल्यांचे भाव उतरतात, ढाबेवाल्याला बोलायला वेळ असतो.

आणि जमलं तर देऊळ बंद व्हायच्या दिवशी तिथं असा. तुंगनाथाची डोली वरून निघते, ढोल-दमाऊ वाजत, गावकरी सोबत, पहिला मुक्काम चोपता, मग भनकुंड, आणि तिथून मक्कूमठ. लांब लेन्स नको, ३५ एमएम किंवा ५० लावा आणि डोलीच्या पुढे पुढे उलटं चालू नका, वाटेत अडथळा होतो आणि म्हातारी माणसं रागावतात, बाजूच्या चढावर आधीच जाऊन बसा. डोली वळणावर येते तेव्हा खालून ढोलाचा आवाज आधी येतो, माणसं नंतर. पूजेच्या जवळचे फोटो विचारूनच.


पक्षीवेडा_नाशिक

भांडत नाही. नोव्हेंबरात मोनाल खाली सरकायला लागतो, जंगलाच्या कडेला पहाटे बघा, कॅमेरेकरांना सांगू नका.


मृण्मयी_पुणे

ठरलं तर मग. शेवटचे दोन प्रश्न, बंद होण्याची तारीख कधी कळते? आणि आमच्याकडे गाडी नसेल तर सार्वजनिक वाहनाने जमतं का?


डेहराडूनकर

तारीख दसऱ्याला जाहीर होते, तशीच उघडण्याची बैसाखीला. बद्री-केदार मंदिर समितीकडून येते, पेपरात लगेच छापून येतं. म्हणजे तुम्हाला तिकिटं काढायला थोडा वेळ मिळेल.

वाहनाचं असं, ऋषिकेशहून पहाटे लवकर सुटणाऱ्या बस रुद्रप्रयाग-गुप्तकाशीकडे जातात, त्यातून कुंडला उतरा, तिथून ऊखीमठ जवळच, शेअर जीप मिळते. ऊखीमठहून पुढे सारी किंवा चोपत्यासाठी सीझन असेल तर शेअर जीप, नाहीतर अख्खी गाडी करावी लागते, भाव आधी ठरवून घ्या. दुपारी तीननंतर जीप मिळत नाही असं धरून चाला. ऋषिकेशहून सकाळी पाच-साडेपाचची बस सुटली तर त्या दिवशी ऊखीमठच्या पुढे जायचा हट्ट करू नका. डेहराडूनला उतरणार असाल तर व्यनि करा, जुने जाड जॅकेट आणि एक ट्रायपॉड पडून आहे आमच्याकडे, घेऊन जा.